रिपेअर, ओव्हरहॉल की रिस्टोर?

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातून कधी पायी निघालात तर पाट्या वाचत चला. रिबोअरिंग, रिवाइंडिंग, ओव्हरहॉलिंग, डेंटिंग-पेंटिंग. मोडलेलं नीट करायला आपल्याकडे दुरुस्ती आहे, डागडुजी आहे, देवळासाठी जीर्णोद्धार आहे. वर्कशॉपात मात्र बोलणं चालतं ते इंग्रजी शब्दांतच. चालू द्या. फक्त एक गोष्ट आज मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे: या प्रत्येक शब्दाचं काम वेगळं आहे, आणि बिलही वेगळं येतं.

रिपेअर म्हणजे बंद पडलेलं चालू करणं. मिक्सरचा कपलर गेला, बदलला, झालं. ओव्हरहॉल म्हणजे सगळं खोलायचं, धुवायचं, तपासायचं, झिजलेलं बदलायचं आणि पुन्हा बांधायचं. हा शब्द जहाजावरचा. खलाशी ताणलेले दोर उलटे ओढून सैल करायचे, त्याला ओव्हरहॉल म्हणत. आणि फेटलिंग? कास्टिंग साच्यातून निघालं की त्याला चिकटलेली वाळू आणि कडेचं जादा लोखंड घासून काढतात, ते फेटलिंग. शिरोलीच्या एमआयडीसीत हा शब्द रोज कानावर पडतो. इंग्लंडच्या उत्तर भागात तोच शब्द दुरुस्त करणं, ठाकठीक करणं या अर्थाने बोलतात.

रिनोव्हेशनबद्दल मी फार बोलत नाही, माझं डोकं फिरतं. शंभर वर्षांचा सागवानी दरवाजा भंगारात घालून तिथे अॅल्युमिनियमचं सरकतं दार बसवतात आणि वर आपल्यालाच बघायला बोलावतात. असो.

आता रिस्टोर. म्हणजे वस्तू पूर्वी होती तशी करणं. यातलं 'तशी' लक्षात ठेवा. केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभारलं. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री ते जळालं, आणि लोकांनी एकच धरलं, होतं तसं उभं करा. पण होतं तसं म्हणजे कधीसारखं? १९१५ सारखं, की आगीच्या आदल्या दिवसासारखं? मधल्या काळात त्याचं नूतनीकरण झालेलं होतंच की.

यावरून एक गोष्ट सांगतो, चेतकची. माझ्या ओळखीतले एक निवृत्त शिक्षक, त्यांची ही स्कूटर. वाकडी केल्याशिवाय चालू न होणारी. मुलगा पुण्यात नोकरीला. त्याने मे महिन्यात उद्यमनगरातल्या मेस्त्रींना फोन केला, "मामा, बाबांची चेतक पाठवतोय. रिस्टोर करून ठेवा. घाई नाही, गणपतीला येतो तेव्हा बघू."

मेस्त्री म्हणाले, "ठेवतो की."

गणपतीत मुलगा आला, तर गॅरेजात गाडी दिसेना. मेस्त्रींनी त्याला मागच्या खोलीत नेलं, दोन खोकी बाजूला केली आणि गोणपाट उचललं. आत चेतक. दोन्ही चाकं जमिनीपासून वर, खाली लाकडी ठोकळे. टाकीतलं पेट्रोल काढलेलं. प्लग काढून आत ऑइलचे थेंब सोडलेले, सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबलेली. आणि रंग मात्र तोच, फिकटलेला.

"मामा, काम?"

"स्टोअर करून ठेवा म्हणालतास न्हवं? पावसाचा थेंब लागू दिला न्हाई गाडीला."

श्रोतेहो, गाडी बंद ठेवायची तर अशीच ठेवावी, त्यात खोट काढायला जागा नव्हती. मुलाने कपाळावर हात मारला. "स्टोअर नाही हो, रिस्टोर! पूर्वी होती तशी करायची."

"मग तशीच हाय की!"

शेवटी सरांना बोलावलं. मुलगा मोबाइलवर फोटो दाखवत होता, शोरूममधल्या नव्या चेतकचे. पुढची काच काढायची, बास्केट काढायची, मागे बाईंना पाय ठेवायला लावलेली लोखंडी पट्टी काढायची. ती पट्टी मेस्त्रींनीच कधीकाळी वेल्डिंग करून दिलेली. ते सरांचेच विद्यार्थी. ते काही बोलले नाहीत, नुसते सरांकडे बघत राहिले.

सर म्हणाले, "शोरूममधून आणली त्या दिवशी ती अशी होती. दुसऱ्या दिवशी काच बसवली, महिनाभरात पट्टी. हा फोटो माझ्या गाडीचा नाही."

बघा, पुन्हा तोच प्रश्न, तशी म्हणजे कधीसारखी? सरांचं उत्तर तयार होतं. काच, बास्केट, पट्टी राहणार. रंग मूळचा निळा. ब्रेक मात्र पहिल्यापेक्षा चांगले हवेत, कारण रस्त्यावरची गर्दी काही पूर्वीसारखी राहिलेली नाही. माझं मत विचाराल तर सरांचंच बरोबर. वापरलेल्या वस्तूला न वापरल्यासारखं दाखवण्यात कसली आली हौस?

दिवाळीला गाडी घरी आली. सोबत मेस्त्रींच्या हातचं बिल. इंजिन ओव्हरहॉल. कलर रिस्टोर. तळाचा पत्रा रिपेअर. ब्रेक नवे. चार कामं, चार ओळी, चार वेगळ्या रकमा. आणि खाली पाचवी ओळ: मे ते गणपती, स्टोअर, भाडं माफ.

नमस्कार.