करार आधी, संसद नंतर

श्रोतेहो, नमस्कार.

अथणीचा कारागीर कमावलेल्या कातड्याला कान, पट्टा आणि अंगठा शिवून जी कोल्हापुरी चप्पल घडवतो, तिच्या भौगोलिक मानांकनात, म्हणजे विशिष्ट प्रदेशातील उत्पादनाला त्या प्रदेशाच्या नावावर मिळणाऱ्या कायदेशीर संरक्षणात, महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगावसह कर्नाटकाचेही चार जिल्हे आहेत. या मानांकनाचा कायदा संसदेने १९९९ मध्ये केला. परंतु तो ज्या जागतिक व्यापार करारामुळे करावा लागला, त्यावर केंद्र सरकारने एप्रिल १९९४ मध्येच माराकेश येथे सही केली होती, आणि त्याआधी संसदेची संमती घेण्याचे बंधन सरकारवर नव्हते.

राज्यघटनेने परराष्ट्र व्यवहार आणि करार हे विषय संघसूचीत, म्हणजे संसदेच्या कक्षेत ठेवले आहेत. तरीही करार कसे व्हावेत याचा सर्वसाधारण कायदा संसदेने आजवर केलेला नाही, त्यामुळे अनुच्छेद ७३ नुसार हा अधिकार मंत्रिमंडळच वापरते. अंमलबजावणीसाठी कायदा लागला, तरच अनुच्छेद २५३ अन्वये संसदेची पाळी येते. अमेरिकेत तहाला सिनेटच्या दोन-तृतीयांश मतांची गरज असते. अध्यक्ष विल्सन यांनी स्वतः सही केलेला व्हर्सायचा तह सिनेटने संमत केला नाही.

भूमीच्या बाबतीत मात्र आपल्याकडेही सरकारची सही पुरत नाही, आणि सीमाभागात राहणाऱ्या आपण हा फरक नीट ध्यानात घेतला पाहिजे. राज्यांच्या हद्दी संसद साध्या कायद्याने बदलू शकते. १९५६ मध्ये चंदगड वगळता बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला तो तसाच. पण १९५८ च्या नेहरू-नून करारानुसार पश्चिम बंगालमधील बेरुबारीचा अर्धा भाग पाकिस्तानला देण्याचे ठरले, तेव्हा त्यासाठी घटनादुरुस्तीच हवी, असे मत सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये दिले. बांगलादेशाशी १९७४ मध्ये झालेल्या सीमाकरारातील भूभागांची अदलाबदलही २०१५ च्या शंभराव्या घटनादुरुस्तीनंतरच झाली.

जमिनीच्या तुकड्यासाठी एवढी काळजी घेतली जाते, मग त्या जमिनीत पिकणाऱ्या उसाच्या व्यापारावर परिणाम करणारा करार संसदेत चर्चेविना पक्का का व्हावा? शेती तर राज्यसूचीतला विषय आहे. करारांविषयी संसदेने कायदा करावा, अशी शिफारस राज्यघटनेच्या कार्याचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने २००२ मध्येच केली आहे. माझ्या मते त्या कायद्यात, करार पक्का होण्यापूर्वी त्याचा मसुदा दोन्ही सभागृहांपुढे ठेवण्याची आणि शेतीसारख्या विषयात संबंधित विधानसभांचे मत मागवण्याची तरतूद असलीच पाहिजे.