लॅपटॉपच्या जागी टॅबलेट: एका मुद्रितशोधिकेचा अनुभव

नमस्कार मंडळी. वाचनालयाने मला दिलेला प्रश्न सरळ आहे: रोजच्या कामांना लॅपटॉपऐवजी टॅबलेट पुरेल का? मी २९ वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्तीनंतर मुद्रितशोधन करते, म्हणजे छापण्याआधी मजकुरातल्या चुका तपासते. पुस्तकं, दिवाळी अंक, कधी एखादी स्मरणिका. गेली चार वर्षं यातलं बहुतेक काम टॅबलेटवर होतंय. यंत्राच्या आतलं मला फारसं कळत नाही, पण मराठी मजकूर दिवसभर हाताखालून जातो, आणि त्या मजकुराचं टॅबलेटवर काय होतं ते मी रोज बघते. तेच आज सांगणार आहे.

आधी प्रश्नाबद्दल दोन शब्द. २७ जानेवारी २०१० ला सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्ज यांनी पहिला आयपॅड दाखवला, तेव्हा तो फोन आणि लॅपटॉप यांच्या मधली वस्तू म्हणून दाखवला. म्हणजे दोन्ही वस्तू घरात आहेतच असं धरलेलं होतं. आपल्याकडे अनेक घरांत लॅपटॉप कधी आलाच नाही. फोन आला, आणि त्याच्यापुढची जागा रिकामी राहिली. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत 'आकाश' हा सरकारी अनुदानाचा टॅबलेट जाहीर झाला तो ही जागा भरायला. सात इंचांचा पडदा, २५६ एमबी मेमरी, आणि पडदा असा की बोटाने दाबल्याशिवाय ऐकायचा नाही. पुढच्या वर्षी आयआयटी मुंबईच्या सहभागाने दुसरी आवृत्ती निघाली, ती बरीच बरी होती. योजना पुढे फार चालली नाही, पण तिच्यामागचा विचार मला आजही पटतो. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा एका फोनवर दोन भावंडांचे तास आणि त्यातच वडिलांचे कामाचे कॉल, हे मी माझ्या विद्यार्थ्यांच्या घरी पाहिलं आहे. म्हणून 'लॅपटॉपच्या जागी' याचे दोन अर्थ होतात. एक, लॅपटॉप आहे तो काढून टॅबलेट आणायचा. दुसरा, लॅपटॉप नाहीच, तिथे काय आणायचं. दोघांना उत्तर वेगळं आहे, आणि दुसऱ्या प्रश्नाची मला जास्त काळजी आहे.

मला जिथे टॅबलेट लॅपटॉपपेक्षा सरस वाटतो, तिथून सुरुवात करते. ती जागा म्हणजे वाचन आणि तपासणी.

आपली बहुतेक मराठी पुस्तकं डेमी आकारात निघतात, साडेपाच बाय साडेआठ इंच. अकरा इंची टॅबलेट उभा धरला की त्याचा पडदा साधारण सव्वासहा बाय नऊ इंच भरतो. म्हणजे छापखान्याकडून आलेलं पुस्तकाचं पान माझ्यासमोर खऱ्या आकारात उभं राहतं. वाचकाच्या हातात पडेल तसंच. लॅपटॉपचा चौदा इंची पडदा आडवा असतो, त्याची उंची जेमतेम पावणेसात इंच. अख्खं पान एका वेळी पाहायचं तर ते लहान करावं लागतं, आणि मोठं केलं तर अर्धंच दिसतं. मुद्रितशोधकाला पान पूर्ण दिसावं लागतं, कारण चुका फक्त शब्दांत नसतात. परिच्छेदाची शेवटची एकच ओळ पुढच्या पानावर गेलेली, मथळा पानाच्या तळाशी एकटा पडलेला, समासात एखादी ओळ बाहेर आलेली, हे सगळं पान उभं समोर असलं की नजरेत भरतं.

आणि पेन. माझ्या पिढीने मुद्रितं कागदावर तपासली. समासात खूण, ओळीत रेघ. ती सवय पडद्यावर जशीच्या तशी उतरते हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता. अनुस्वार राहिला तर अक्षरावर टिंब देऊन त्याभोवती वर्तुळ करायचं, दोन शब्द जुळलेत तिथे उभी रेघ, पहिली वेलांटी दुसरी करायची तर समासात लिहायचं. मुद्रणालयातल्या मुलाला पीडीएफ गेली की तो त्या खुणा बघून मूळ फाइलमध्ये दुरुस्त्या करतो. मी जिन्यात बसून, बसमध्ये बसून, आईच्या उशाशी बसून मुद्रितं तपासली आहेत.

पेन घेताना मात्र एक जाणून घ्या. दुकानात शंभर-दोनशे रुपयांना रबरी टोकाचं पेन मिळतं, ते कुठल्याही पडद्यावर चालतं. पण पडद्याच्या लेखी ते बोटच. रेघ जाड येते आणि तळहात टेकला की तोही उमटतो. खरं लिहायचं तर पडद्याला पेन ओळखता यायला हवं, आणि ते पेन त्या टॅबलेटसाठीच बनवलेलं हवं. आयपॅडला ही सोय २०१५ पासून आहे. सॅमसंगच्या टॅब एस मालिकेत पेन खोक्यातच येतं. स्वस्त टॅबलेटमध्ये बहुधा ही सोय नसते, म्हणून विचारून घ्या.

आता लिहिण्याकडे वळते.

टॅबलेटवर चार ओळींचं उत्तर लिहायला पडद्यावरचा कळफलक पुरतो. बोलून लिहायची सोयही आहे. गुगलच्या आवाजी टंकलेखनात मराठी २०१७ मध्ये आली. ज्यांच्या बोटांना आता त्रास होतो त्यांनी ती जरूर वापरावी, पत्राचा कच्चा मसुदा छान होतो. पण आठ-दहा पानं लिहायची असतील तर कळांचा कीबोर्ड लागतोच. इथे मराठी माणसाची खरी परीक्षा सुरू होते. पडद्यावर आपण रोमनमध्ये लिहितो आणि अक्षरं देवनागरी उमटतात, त्यामुळे कीबोर्ड जोडल्यावरही तसंच होईल असं वाटतं. ते प्रत्येक टॅबलेटवर होतंच असं नाही. कीबोर्ड जोडला की पडद्यावरचा कळफलक बाजूला होतो, आणि त्याची हुशारीही कधी कधी त्याच्याबरोबर जाते.

मी इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची कळांची ठरलेली मांडणी, शिकले, साठीला आल्यावर. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं, इतकी सोपी विभागणी आहे. 'ल'च्याच कळीवर शिफ्ट धरला की 'ळ'. 'र'च्या कळीवर शिफ्ट धरला की नुक्त्याचा 'ऱ', आणि त्याला हलन्त देऊन 'य' जोडला की 'ऱ्य'. याला महत्त्व का, तर 'आचार्यांना' जेवण वाढणं आणि 'आचाऱ्यांना' जेवण वाढणं यात आमंत्रणाचाच फरक पडतो. इनस्क्रिप्टला तीन आठवडे द्या, रोज अर्धा तास. एकदा बोटांत बसलं की टॅबलेट असो, लॅपटॉप असो, कळा त्याच राहतात.

एक बारकी गोष्ट सांगते, ती फक्त मुद्रितशोधकाला छळते असं समजू नका. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे यंत्रांनी अक्षरं साठवायच्या जगभरच्या एकाच पद्धतीत, २००८ साली आलं. त्याआधी लोक 'अ' लिहून त्यावर चंद्र देत, आणि अजूनही काही कळफलक तसंच करतात. डोळ्याला दोन्ही सारखीच, पण यंत्राच्या लेखी वेगळी. एका लेखात 'ॲप' हा शब्द दोन्ही पद्धतींनी आलेला होता. शोधलं तर निम्मेच सापडले, बाकीचे तसेच छापायला गेले असते. लेखकाने अर्धा लेख फोनवर आणि अर्धा संगणकावर लिहिला की असं होतं.

आता जुने फॉन्ट. दिवाळी अंकाचं काम करणाऱ्यांच्या हे जिव्हाळ्याचं आहे. दोन वर्षांपूर्वी मी भाचीच्या लग्नाला गावी गेले होते, सोबत फक्त टॅबलेट. एका ज्येष्ठ लेखकांची कथा आली. उघडली, तर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत रोमन अक्षरांचा चिखल. जिथे 'मराठी' हा शब्द असणार तिथे ई, जे, के, बी, एच अशी पाच अक्षरं ओळीने. फाइल बिघडलेली नव्हती. ती कृतिदेव नावाच्या जुन्या फॉन्टमध्ये होती. हे जुने फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागेवर देवनागरीचं चित्र बसवतात. संगणकावर तो फॉन्ट असतो म्हणून आपल्याला मराठी दिसतं, पण फाइलमध्ये साठवलेलं असतं ते रोमनच. टॅबलेटवर फॉन्ट नाही, म्हणून मुखवटा निघाला. आयपॅडवर बाहेरचे फॉन्ट काही प्रमाणात बसवता येतात, अँड्रॉइडवर ते अवघड जातं. दोन्हीकडे शहाणपणाचं एकच, मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणं. ते ब्राउझरमध्येही होतं, पण बदलल्यावर प्रत्येक ओळ वाचावी लागते. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकतात, युनिकोडमध्ये नंतर. रफार जुन्या पद्धतीत अक्षरानंतर, युनिकोडमध्ये 'र' आणि हलन्त आधी. बदलणारा प्रोग्राम इथेच घसरतो. त्या कथेत 'निर्मिती'सारख्या शब्दांवर मी एक पूर्ण दुपार घालवली, बाहेर मांडव चालू असताना. तुमच्याकडे वीस वर्षांचं लेखन जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर ते युनिकोडमध्ये आणल्याशिवाय संगणक मोडीत काढू नका. कळकळीने सांगते.

दुसरा धडा फायलींचा. संगणकावर आपण फाइलकडे जातो आणि ती उघडतो. टॅबलेटवर आपण ॲपकडे जातो, आणि फायली ॲपच्या खिशात असतात. व्हॉट्सॲपवर आलेली फाइल दुसऱ्या ॲपमध्ये उघडून दुरुस्त केली की बहुतेक वेळा तिची नवी प्रत तयार होते, जुनी व्हॉट्सॲपमध्ये तशीच राहते. एका कवितासंग्रहाची मुद्रितं मी रात्री एकपर्यंत तपासली आणि सकाळी घाईत जुनीच प्रत पाठवली. मुद्रकाने फोन करून विचारलं, "बाई, यात खुणाच नाहीत?" म्हणून निभावलं. तेव्हापासून माझा नियम आहे: फाइल आली की आधी एका ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवायची, नावापुढे तारीख लिहायची, आणि पाठवायची तीही त्याच फोल्डरमधून.

काय जमत नाही तेही सांगते. ज्यांचं काम यूएसबी टोकनमधल्या, म्हणजे संगणकाला लावायच्या छोट्या साधनातल्या, डिजिटल सहीवर चालतं, म्हणजे निविदा भरणारे किंवा कंपन्यांची विवरणपत्रं भरणारे, त्यांनी संगणक सोडू नये. हिशोबाचं टॅली चालवणाऱ्यांनीही नाही. पानं लावण्याचं इनडिझाइन टॅबलेटवर नाही. उलट साधं प्राप्तिकर विवरणपत्र ब्राउझरमध्ये भरून आधारच्या ओटीपीने पडताळता येतं, सातबारा उतरवून घेता येतो, बँक, वीजबिल, रेल्वे आरक्षण यांना तर काही अडचणच नाही. आणखी एक: मायक्रोसॉफ्टच्या वर्ड, एक्सेलमध्ये १०.१ इंचांपर्यंतच्या पडद्यावर साधं संपादन फुकट, त्याहून मोठ्या पडद्याला वर्गणी. मोठा टॅबलेट घेणाऱ्यांना हे घरी गेल्यावर कळतं.

वजन आणि पैसा यांचा हिशोबही पूर्ण करा. टॅबलेट अर्धा किलोचा, पण चांगला कीबोर्ड जोडला की किलोच्या पुढे जातो, म्हणजे हलक्या लॅपटॉपच्या जवळपास. किंमतीचंही तसंच. कीबोर्ड आणि पेन धरून बेरीज केली की अनेकदा चांगला लॅपटॉप त्याच पैशांत येतो. ज्याला दिवसभर लिहायचंच आहे आणि खुणा करायच्या नाहीत, त्याला मी लॅपटॉपच घ्या म्हणेन.

इथे मघाशी एका काकांनी विचारलं की त्यांच्या नातीला दहावीनंतर काय घ्यावं. घरात फोनशिवाय काही नाही. काका, ती पुढे कॉमर्सला जाणार असेल किंवा प्रोग्रामिंग शिकणार असेल तर साधा लॅपटॉप, जुना असला तरी चालेल. बाकी शाखांसाठी दहा-अकरा इंचांचा टॅबलेट आणि साधा ब्लूटूथ कीबोर्ड. दिवे गेले तरी तो पॉवर बँकेवर चालतो, आणि वाचायला तिला डोळ्यांजवळ सहा इंचांचा फोन धरावा लागणार नाही. टॅबलेट तिच्या नावावर असू द्या, तिच्या पासवर्डचा. घरातल्या सगळ्यांचा झाला की तो मोठा फोनच होतो.

आणि घेण्याआधी दुकानात कीबोर्ड जोडून दाखवायला सांगा. मी एक वाक्य तयार केलं आहे, ते फळ्यावर लिहिते. उतरवून घ्या: 'दऱ्याखोऱ्यांत वाढलेल्या शिक्षिकेने ॲल्युमिनियमच्या डब्यात वाङ्मयाची बाळबोध प्रत कॉलेजसाठी ज्ञानाचा ठेवा म्हणून जपली.' हे तुम्हाला न अडखळता टंकता आलं, आणि 'ऱ्या', 'ॲ', 'ङ्म', 'ळ', 'ज्ञ' सगळी जागच्या जागी आली, तरच पैसे द्या. माझा टॅबलेट आणि कीबोर्ड इथे टेबलावर ठेवला आहे. ज्यांना करून बघायचं आहे त्यांनी एकेक करून पुढे या.