सहा महिन्यांनंतरचं बजेट

(एका छापील कागदाचा क्लोजअप)

स्क्रीनवर आत्ता जो कागद दिसतोय तो कुठल्या एका शहराचा नाहीये, जवळपास सगळ्याच शहरांकडे असा कागद तयार होतो. डावीकडे खात्यांची नावं, मग चार रकाने. पहिल्यात वर्षाच्या सुरुवातीला मंजूर झालेली तरतूद, दुसऱ्यात सहा महिन्यांत झालेला प्रत्यक्ष खर्च, तिसऱ्यात टक्केवारी, आणि चौथ्यात वर्ष संपेपर्यंत हा खर्च कुठे जाऊन थांबेल याचा अंदाज. उत्पन्नाचा असाच दुसरा कागद. बस एवढंच. याला म्हणतात बजेटचा सहामाही आढावा.

बजेट मांडतात त्या दिवशी सभागृह भरलेलं असतं, कॅमेरे असतात, दुसऱ्या दिवशी आकडे छापून येतात आणि करवाढ झाली का नाही यावर चार दिवस बोलणं चालतं. हा कागद येतो तेव्हा बघायला कुणीच नसतं. मला मनापासून वाटतं की हे उलटं असायला पाहिजे होतं, कारण बजेटच्या दिवशी जे सांगतात तो सगळा अंदाज असतो, या कागदावर मात्र निम्मं वर्ष घडून गेलेलं असतं आणि उरलेलं निम्मं अजून हातात असतं. वर्ष संपल्यावर जो हिशोब येतो तो वाचून सगळं कळतं पण बदलता काहीच येत नाही, पैसा गेलेला असतो.

आता निम्मं वर्ष म्हणजे नक्की कधी, हेही प्रत्येक शहराचं वेगळं. शिकागोचं आर्थिक वर्ष जानेवारीला सुरू होतं म्हणून तिथली सहामाही जूनअखेर. न्यूयॉर्कचं 1 जुलैला सुरू होतं, तिथे डिसेंबरअखेर. इंग्लंड, भारत, जपान इथल्या शहरांचं वर्ष एप्रिल ते मार्च, म्हणजे सप्टेंबरअखेर. तारीख कुठलीही असो, आढाव्यातला प्रश्न एकच. ठरवलं होतं तसं चाललंय का, आणि नसेल चाललं तर आत्ता काय करायचं?

(उत्पन्नाचा कागद)

सुरुवात उत्पन्नापासून करायची. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार! पण इथे पहिली चूक अशी होते की लोक सरळ निम्म्याचा हिशोब लावतात, अर्धं वर्ष झालं म्हणजे अर्धा पैसा आला पाहिजे. तसं नसतं. घरपट्टी एकसारखी येत नाही, भरायची मुदत जवळ आली की येते, लवकर भरणाऱ्याला सवलत असेल तर पहिल्या दोनतीन महिन्यांतच मोठा ओघ येऊन जातो आणि नंतर नुसतं ठिबकत राहतं. म्हणजे सहा महिन्यांत 60 टक्के जमा झालेत हे बघून खूश व्हायचं कारण नाही, कदाचित दर वर्षी याच वेळेला 70 टक्के जमा असतात. म्हणून तुलना करायची ती गेल्या वर्षीच्या याच सहा महिन्यांशी, आणि जमलं तर त्याच्या मागच्या दोनतीन वर्षांशी. ज्या आढाव्यात मागच्या वर्षाचा रकानाच नसतो तो अर्धवट आहे असं बिनधास्त म्हणा.

बांधकाम परवानगीची फी बांधकाम व्यवसायावर हलते, त्यात शहराच्या हातात फारसं काही नसतं. वरच्या सरकारचं अनुदान हप्त्यांनी येतं आणि बऱ्याचदा उशिरा येतं, त्यामुळे तिथे कमी आकडा दिसला तरी तो बुडाला असं लगेच समजायचं नाही, मंजुरीचं पत्र आलंय का ते विचारायचं. आणि एक ओळ असते जिच्यावर मी सगळ्यात आधी बोट ठेवीन. जमीन किंवा मालमत्ता विकून मिळणारे पैसे. बजेट जमेना, खर्च जास्त होतोय, मग दोन्ही बाजू जुळवायला ही ओळ फुगवली जाते, आणि सहा महिन्यांनी बघावं तर तिथे शून्य. त्या शून्याच्या भरवशावर कुठली कुठली कामं सुरू करून ठेवलीत हे त्याच दिवशी विचारलं पाहिजे.

(खर्चाचा कागद, बोट एकेका ओळीवरून खाली सरकतंय)

खर्चाकडे येऊ. पगार, पेन्शन, कर्जाचे हप्ते, वीजबिल हे ठरलेले खर्च असतात आणि महिन्याच्या महिन्याला जातात, तिथे 50 टक्क्यांच्या आसपास आकडा दिसणं नॉर्मल. म्हणूनच तिथे 44 दिसले तर थांबून बघायचं. बहुतेक वेळा कारण असं असतं की जागा रिकाम्या आहेत, माणसं भरलीच नाहीत. कागदावर त्याला बचत म्हणतात. पण खालच्या ओळीला ओव्हरटाइम बघा, तिथे सहा महिन्यांतच 80, 90 टक्के उडालेले असतात, कारण काम तर थांबत नाही ना, आग लागायची थांबत नाही, पाण्याची लाईन फुटायची थांबत नाही, मग जी माणसं आहेत तीच दुप्पट राबतात. या दोन ओळी एकत्र वाचल्या तरच गोष्ट कळते. सुट्या वाचल्या तर एक छान दिसते आणि दुसरी वाईट, आणि दोन्हीतून काहीच समजत नाही.

अजून एक, दुसऱ्या रकान्यात फक्त दिलेले पैसे असतात. द्यायचे राहिलेले नसतात. समजा रस्त्यांसाठी 100 ची तरतूद आहे आणि खर्च दिसतोय 30. वाटतं 70 शिल्लक आहेत. पण कार्यादेश, म्हणजे काम सुरू करायचे लेखी हुकूम, निघालेत 90 चे, कामं चालू आहेत, ठेकेदाराची बिलं टेबलावर पडलीत, म्हणजे खरे शिल्लक आहेत 10. या द्यायच्या राहिलेल्या पैशांना दायित्व म्हणतात आणि आढाव्यात या दायित्वाचा वेगळा रकाना नसेल तर शिल्लक हा शब्दच खोटा ठरतो. बिलं पुढच्या वर्षात ढकलली की यंदाचं बजेट जमल्यासारखं दिसतं, पण पुढच्या वर्षाची सुरुवातच उधारीने होते, मग तेही वर्ष पुढे ढकलायचं, असं करत करत तो डोंगर होतो.

हा डोंगर कसा दिसतो ते न्यूयॉर्कने बघितलंय.

(न्यूयॉर्क, 1975)

1975 च्या आधीची काही वर्षं त्या शहराने रोजचा खर्च भांडवली बजेटमध्ये लपवला, म्हणजे जे पैसे पूल, इमारती यांसाठी कर्ज काढून उभे करायचे त्यातून चालू खर्च भागवला. जे कर कधीच वसूल होणार नव्हते ते येणं म्हणून धरले आणि त्या येण्याच्या जोरावर अल्प मुदतीची कर्जं काढली, ती फेडायला परत नवी कर्जं. ही अल्प मुदतीची उधारी साधारण 600 कोटी डॉलरपर्यंत गेली होती. मग त्या वर्षी बँकांनी शहराचे नवीन रोखे, म्हणजे कर्ज उभारायचे कागद, घ्यायला नकार दिला आणि सगळं एकदम उघडं पडलं. 1 जुलै, नवीन आर्थिक वर्षाचा पहिला दिवस, त्या दिवशी हजारो कर्मचारी कामावरून कमी झाले, त्यात पोलीस होते, सफाई कामगार होते, अग्निशमन दलाची माणसं होती. 17 ऑक्टोबरला 45.3 कोटी डॉलरचं देणं होतं आणि तिजोरीत होते 3.4 कोटी. शहर दिवाळखोर झाल्याचं निवेदनसुद्धा लिहून तयार होतं. शेवटच्या काही तासांत शिक्षक संघटनेने आपल्या पेन्शन फंडातून 15 कोटी डॉलरचे रोखे घ्यायचं कबूल केलं आणि ते निवेदन वाचायची वेळ आली नाही. शिक्षकांच्या म्हातारपणाचा पैसा होता तो, हे विसरू नका.

या सगळ्यातून तिथे कायदाच बदलला. बजेट हिशोबाच्या मान्य पद्धतीने जमलंच पाहिजे, पुढच्या चार वर्षांचा आराखडा मांडलाच पाहिजे, आणि तो वर्षातून अनेकदा सुधारून लोकांसमोर ठेवला पाहिजे. आज न्यूयॉर्कमध्ये नोव्हेंबरात, जानेवारीत असे सुधारित आकडे येतात आणि ते ऑफिसातली रुटीन गोष्ट वाटतात, पण त्यांच्यामागे तो ऑक्टोबर आहे.

हे जुनं झालं असं वाटत असेल तर बर्मिंगहॅम घ्या, इंग्लंडमधलं. वर्ष एप्रिलला सुरू झालेलं आणि 5 सप्टेंबर 2023 ला, म्हणजे सहामाही पूर्ण व्हायच्याही आधी, शहराच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याने 1988 च्या कायद्यातल्या कलम 114 खाली नोटीस काढली. नोटिशीचा अर्थ, अत्यावश्यक सोडून नवा खर्च बंद. कारणं दोन मोठी. एक, बायकांना समान कामाचं समान वेतन दिलं नाही म्हणून साचलेलं देणं, तेव्हाच्या अंदाजाने 65 ते 76 कोटी पाउंड. दुसरं, हिशोबाची नवी कॉम्प्युटर सिस्टीम, जिचा खर्च 1.9 कोटी पाउंडवरून वाढत 10 कोटीच्या घरात चालला होता. शिवाय त्याच वर्षात 8.7 कोटींची तूट दिसत होती. पुढच्या वर्षी कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, जवळपास 10 टक्क्यांनी वाढला आणि सेवा कापल्या त्या वेगळ्याच. यातली सिस्टीमची गोष्ट मला जास्त लागते, कारण जे यंत्र पैसा कुठे गेला ते सांगणार होतं तेच नीट चालत नव्हतं. आकडेच वेळेवर मिळाले नाहीत तर आढावा घेणार कशाचा?

(पुन्हा कागद. भांडवली कामांचं पान.)

आता या पानावर सगळ्यात कमी टक्के दिसतील. शाळेची दुरुस्ती 8 टक्के, नाल्याचं काम 5, दवाखान्याची इमारत 0. काही ठिकाणी हे समजण्यासारखं असतं, टेंडर निघायला, काम द्यायला वेळ लागतो, पैसे शेवटी शेवटीच जातात. पण मग विचारायचं की टेंडर निघालं का, जागा ताब्यात आहे का, नकाशा मंजूर आहे का. तिन्हीची उत्तरं नाही असतील तर यंदा ते काम होत नाही, मग तरतूद कितीही मोठी लिहिलेली असो. आणि हे मान्य करायला सहामाही हीच योग्य वेळ आहे, कारण नाही केलं तर वर्षाच्या शेवटच्या दिवसांत पैसे परत जातील या भीतीने घाईघाईत काहीही खरेदी होते. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या खरेदीचा एक अभ्यास आहे, 2004 ते 2009 च्या आकड्यांवरचा. त्यात वर्षाच्या शेवटच्या आठवड्यातली खरेदी एरवीच्या आठवड्याच्या जवळपास पाचपट निघाली, आणि त्या घाईत घेतलेल्या आयटी प्रकल्पांचा दर्जा खालचा निघाला. ते केंद्र सरकारचं आहे, शहराचं नाही, पण शेवटच्या आठवड्यातली ती धांदल कुठल्याही सरकारी ऑफिसात काम केलेल्या माणसाला ओळखीची आहे.

मग न होणाऱ्या कामाचे पैसे होणाऱ्या कामाकडे वळवायचे, याला पुनर्विनियोजन म्हणतात, बोली भाषेत वर्गीकरण. आढाव्याचा खरा निर्णय इथे होतो आणि इथेच सगळ्यात जास्त लक्ष ठेवायला लागतं. कुठून काढले आणि कुठे टाकले, दोन्ही नावं वाचायची. नाल्यातून काढून सुशोभीकरणात गेले तर कागदावर बजेट जमलेलंच दिसतं, पण पाऊस आल्यावर पाणी लोकांच्या घरात शिरतं. आणि एकदाच वाचलेले पैसे दर वर्षी लागणाऱ्या खर्चाला लावायचे नाहीत. यंदा रिकाम्या जागांमुळे पैसे उरले, त्यातून नवी बससेवा सुरू केली, पुढच्या वर्षी त्या जागा भरल्या, आता बस कशावर चालवायची?

राखीव निधीचं पण तसंच. अमेरिका आणि कॅनडातल्या सरकारी वित्त अधिकाऱ्यांची संघटना सांगते की निदान दोन महिन्यांच्या नियमित खर्चाइतका पैसा बाजूला असावा. तो किती राहिलाय हे सहामाहीला बघायचं, कारण खड्डा सगळ्यात सोप्या पद्धतीने बुजवायचा तर हात तिथेच जातो. मार्च 2020 मध्ये दुकानं, हॉटेलं, वाहतूक एकदम बंद झाली तेव्हा हे सगळ्यांना कळलं. ज्या शहरांचं वर्ष जूनला संपत होतं त्यांच्याकडे सावरायला तीनच महिने होते, ज्यांचं डिसेंबरला संपत होतं त्यांच्याकडे नऊ. फटका तोच, पण वेळ वेगळा, आणि ज्यांच्याकडे बाजूला काही ठेवलेलं होतं त्यांना निदान दोन दिवस विचार करता आला.

(चौथा रकाना, क्लोजअप)

राहता राहिला हा चौथा रकाना, वर्षअखेरचा अंदाज. बऱ्याच कागदांवर इथे पहिल्या रकान्यातलाच आकडा जसाच्या तसा उतरवलेला असतो. तरतूद 100, अंदाज 100. सहा महिन्यांत 5 खर्च झालेत तरी 100. असं दिसलं की समजायचं त्या ओळीचा आढावा कुणी घेतलेलाच नाही, फक्त रकाना भरलाय. जिथे आकडा बदललेला असतो, 100 चा 62 किंवा 118 केलेला असतो आणि शेजारी दोन ओळींत कारण लिहिलेलं असतं, तिथे कुणीतरी खात्यात बसून, फायली काढून, फोन करून तो आकडा शोधलाय. त्या माणसाचं नाव कुठेच छापत नाहीत.

हा कागद फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. वर्ष संपल्यावर अंतिम हिशोब येईल तेव्हा हा चौथा रकाना त्याच्या शेजारी ठेवायचा, ओळीला ओळ लावायची, आणि ज्या खात्याचं अंतर सगळ्यात मोठं निघेल त्या खात्याचं पान पुढच्या बजेटच्या दिवशी सगळ्यात आधी उघडायचं.