सौदा कोणी ठरवायचा?

ऑक्टोबरचा उत्तरार्ध आहे. यवतमाळ जिल्ह्यातील वावरांत सोयाबीनची मळणी उरकत आली आहे, आणि शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या गोदामासमोर ताडपत्रीवर माल वाळत पडला आहे. अशा दिवशी सकाळी खरेदीदाराचा फोन येतो. त्याने सांगितलेला भाव दुपारपर्यंतच टिकणारा असतो. व्यवस्थापकाला मात्र उत्तर देता येत नाही, कारण प्रत्येक सौद्याला संचालकांची संमती लागते आणि संचालक आपापल्या वावरात मळणीयंत्रापाशी उभे असतात. बैठक रात्री भरते, तोवर खरेदीदाराने दुसरीकडचा माल उचललेला असतो.

आपल्या मालाचा निर्णय आपल्याला वेळेवर घेता न येणे, हे विदर्भातील कास्तकाराचे जुने दुखणे आहे. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, तेव्हा व्यापाऱ्याच्या मनमानीतून शेतकऱ्याला सोडवण्याचा तिचा हेतू चांगलाच होता. परंतु भाव आणि चुकारे यांचे निर्णय मुंबईत होत राहिले, आणि कापूस पिकवणारा माणूस खरेदी केंद्रापुढच्या बैलगाड्यांच्या रांगेत वाट पाहत राहिला.

उत्पादक कंपनीचा कायदा २००३ पासून अमलात आला. किमान १० उत्पादकांनी एकत्र यावे, शेअर कितीही असले तरी एका सभासदाला एकच मत असावे, आणि संचालक ५ ते १५ असावेत, ही त्यातील चौकट बहुतेकांना ठाऊक असते. तिच्याच जोडीची एक तरतूद मात्र गावात फारशी चर्चिली जात नाही. कंपनीला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी असलाच पाहिजे, आणि तो सभासदांपैकी नसावा. सभासद निवडतात ते संचालक दिशा ठरवतील, आणि रोजचा व्यवहार त्यातील जाणकार माणूस पाहील, अशी ही वाटणी आहे. प्रत्यक्षात संचालक निवडताना घराणे आणि तालुक्यातील ओळखी पाहिल्या जातात, आणि व्यवस्थापक म्हणून नेमलेला तरुण पावत्या फाडण्यापुरता उरतो.

याचा अर्थ त्याला मोकळे रान द्यावे असा नाही. हंगामापूर्वी संचालक मंडळाने किमान भाव ठरवावा, त्यात खरेदीची किंमत, हमाली, कर्जावरील व्याज आणि घट धरावी; त्या भावाच्या वर सौदा करण्याचा अधिकार व्यवस्थापकाचा असावा, आणि त्याखाली विकायची वेळ आली तरच बैठक बोलवावी. घटीचा हिशेब येथे फार महत्त्वाचा आहे. १४ टक्के ओलाव्याचे १०० क्विंटल सोयाबीन १२ टक्क्यांपर्यंत वाळले, की वजन सुमारे सव्वादोन क्विंटलांनी कमी होते. ही घट न धरता ठरवलेला भाव कागदावर नफा दाखवतो, आणि गोदाम रिकामे झाल्यावर तोटा समोर येतो.

मग ही घट कोणाला कळते? ताडपत्रीवरचा माल दिवसभर पायाने फिरवणाऱ्या, दाणा दाताखाली धरून तो अजून ओला आहे की नाही हे सांगणाऱ्या बाईला ती कळते. कपाशीचेही तसेच आहे. पहिल्या वेच्याचा पांढरा कापूस आणि शेवटची किडकी, डागी फरदड एकाच गंजीत टाकली, तर चांगल्या कापसाचाही भाव जातो, हे वेचणीला जाणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असते. तिला मात्र बैठकीत विचारले जात नाही, कारण सातबारा तिच्या नावावर नसतो आणि बहुतेक ठिकाणी सभासदत्वासाठी तोच मागितला जातो. कायद्याची व्याख्या इतकी अरुंद नाही. प्राथमिक उत्पादनाशी संबंधित कोणतेही काम करणारी व्यक्ती त्या व्याख्येनुसार उत्पादक ठरते. जमीन तिच्या नावावर असलीच पाहिजे, अशी अट या व्याख्येत नाही. आम्हाला या साऱ्या विषयात ही गोष्ट सर्वांत जिव्हाळ्याची वाटते, कारण ज्या हातांना मालाची प्रत कळते, त्यांनाच प्रतवारीच्या निर्णयातून आपण बाहेर ठेवले आहे.

प्रतवारी आणि वाळवण यांचा निर्णय या बायांकडे सोपवायला कंपनीला वेगळे भांडवल लागत नाही. मंडळाचा एक ठराव लागतो, आणि गोदामातील नोंदवहीत आणखी एक रकाना लागतो, ज्यात माल कोणी तपासला, ओलावा किती भरला आणि भाव कोणी मान्य केला, हे त्या त्या व्यक्तीच्या सहीनिशी लिहिलेले असेल. वार्षिक सभेत ताळेबंदाबरोबर ही नोंदवहीही सभासदांपुढे वाचली गेली पाहिजे.