स्टिअरिंगच्या टाकीत भलतंच तेल पडलं तर

मंडळी, पॉवर स्टिअरिंगच्या टाकीत चुकीचं तेल ओतलं गेलंय हे लक्षात आलं, की सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारायची. ओतल्यानंतर इंजिन सुरू केलं का? केलं नसेल तर किल्ली काढून खिशात टाका आणि कुणालाही ती फिरवू देऊ नका. तेल अजून टाकीतच आहे. इंजिन सुरू झालं की बेल्टवर चालणारा पंप काही सेकंदांत ते पाइपांमधून रॅकपर्यंत, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्यापर्यंत, पोचवतो, आणि मग नुसती टाकी रिकामी करून भागत नाही.

पण ही टाकी स्टिअरिंगचीच आहे ना, हे आधी बघा. आजच्या कितीतरी गाड्यांचं स्टिअरिंग निव्वळ विजेच्या मोटरवर चालतं, त्यात तेल नसतंच. अशा गाडीत कुणी ‘स्टिअरिंगचं तेल’ भरलं असेल, तर ते दुसऱ्याच कुठल्या तरी टाकीत गेलंय. ती ब्रेकची असेल तर प्रकरण फार गंभीर आहे. ब्रेकमधले रबरी सील, म्हणजे गळती रोखणाऱ्या कड्या, ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात आणि खनिज तेल लागलं की ते फुगतात. तशी गाडी चालवायची नाही, उचलूनच न्यायची.

आता मुद्दा रबराचा, कारण निम्मी गोष्ट तिथेच आहे. स्टिअरिंगचे सील बहुतेक नायट्राइल किंवा त्याच्या जवळच्या रबराचे. खनिज तेलात हे रबर वर्षानुवर्षं टिकतं. चुकून ब्रेक फ्लुइड पडलं असेल, तर ते मात्र तेल नाहीच. डॉट 3, डॉट 4 आणि डॉट 5.1 हे ग्लायकॉल जातीचे द्रव आहेत. त्यांत नायट्राइल फुगतं, मऊ पडतं, सीलची धार जाते. शिवाय पंपातल्या पात्यांना हवं तसं वंगणही त्यातून मिळत नाही. हा पंप स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर 80 ते 120 बारपर्यंत दाब देतो. एवढ्या दाबाखाली वंगणाविना धातूवर धातू घासला, की भुकटी सुटते आणि ती थेट रॅकच्या व्हॉल्व्हमध्ये जाते. फसवी बाब अशी, की त्या दिवशी काहीच बिघडलेलं दिसत नाही. गळती पुढे हळूहळू सुरू होते, तोवर ओतलेली बाटली कुणाच्या लक्षातही नसते.

इंजिन ऑइल पडलं तर एवढं घाबरायचं कारण नाही. तेही खनिज कुळातलंच, रबराला लगेच खात नाही. अडचण जाडीची आहे. एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, जे बऱ्याच स्टिअरिंगमध्येही लागतं, 40 अंश सेल्सिअसला साधारण 35 सेंटीस्टोक (जाडी मोजायचं एकक) असतं, 15डब्ल्यू-40 इंजिन ऑइल शंभराच्या पुढे. म्हणजे जवळजवळ तिप्पट जाड. थंडीत सकाळी स्टिअरिंग जड लागतं, पंप कण्हतो, तेलात फेस येतो. लिटरभर तेलात 50 मिली गेलं असेल तर गाडी सावकाश वर्कशॉपपर्यंत नेता येईल. अर्धी टाकी भरली असेल तर नेऊ नये. कूलंट किंवा काच धुण्याचं पाणी गेलं तर तेल दुधाळ होतं आणि आतून गंज धरतो, म्हणून ते ब्रेक फ्लुइडइतकंच वाईट समजा.

खरा घोळ होतो तो ‘स्टिअरिंगच्याच’ दोन तेलांत. काही गाड्यांना एटीएफ लागतं, काहींना सीएचएफ 11एस जातीचं कृत्रिम तेल. ते 40 अंशांना विसाच्याही आत, म्हणजे जाडीला एटीएफच्या जवळपास निम्मं. दोन्ही एकमेकांत मिसळतात, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण पातळ तेलासाठी बनवलेल्या पंपाला जाड तेल थंडीत ओढवत नाही, आणि उलट झालं तर पंप आवाज करू लागतो. थोडं पडलं असेल तर गाडी लगेच बंद पडणार नाही, पण तेल बदलायचं हे नक्की.

रंगावरून ओळखता येत नाही का, असं मघाशी कुणीतरी विचारलं. नाही. एटीएफ बहुधा लाल, सीएचएफ हिरवं, हे खरं. पण तो नुसता रंग टाकलेला असतो, आणि जुनं झालं की सगळंच तपकिरी. टाकीच्या झाकणावर छापलेलं वाचा, नसेल तर गाडीच्या पुस्तिकेत पाहा. ‘सर्व गाड्यांसाठी’ लिहिलेल्या बाटलीवर आमचा विश्वास कमी आहे.

इंजिन सुरू झालं नसेल तर काम सोपं. मोठ्या सिरिंजला नळी लावून टाकी तळापर्यंत उपसायची, तळाशी जाळी असेल तर तिला धक्का न लावता. योग्य तेल थोडं भरून पुन्हा उपसायचं, असं दोनतीनदा. ब्रेक फ्लुइड बोनेटवर सांडलं असेल तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, ते रंग उडवतं.

इंजिन सुरू झालं असेल तर नुसतं उपसून भरणं पुरत नाही. हिशेब करा. एक लिटरच्या यंत्रणेत टाकी 300 मिलीची धरली, तर एका उपसणीनंतर 70 टक्के जुनं उरतं. पाच वेळा केलं तरी 17 टक्के, सात वेळा केलं तर 8 टक्के, आणि त्यात दोन लिटरवर नवं तेल खर्च होतं. एटीएफ-सीएचएफच्या घोळात तेवढं चालेल, ब्रेक फ्लुइडला नाही.

मग पूर्ण फ्लश, म्हणजे जुनं तेल नव्या तेलाने ढकलून बाहेर काढणं. हँडब्रेक लावून मागच्या चाकांना अडसर द्या, पुढची चाकं उचलून स्टँडवर ठेवा. जॅकच्या भरवशावर राहू नका. टाकीकडे परत येणारा पाइप, म्हणजे क्लॅम्पवाला कमी दाबाचा, सोडवा आणि बाटलीत सोडा. टाकीचं ते तोंड बुचाने बंद करा. एकाने इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं, दुसऱ्याने टाकीत तेल ओतत राहायचं. टाकी कोरडी पडता कामा नये, नाहीतर पंपात हवा शिरते. दोन ते तीन लिटर तेल लागतं. शेवटी इंजिन दोनतीन सेकंद सुरू करून बंद करा, म्हणजे पंपात अडकलेलं जुनं निघतं. ग्लायकॉल तेलात विरघळत नाही, कोपऱ्यांत साचून राहतं. म्हणून ब्रेक फ्लुइड पडलं असेल तर काही दिवसांनी दुसरा फ्लश हवाच. आणि त्या द्रवावर गाडी आधीच बरीच चालली असेल तर सील बदलावे लागतील असं धरूनच चला.

पाइप जोडल्यावर ‘कोल्ड’ खुणेपर्यंत भरा, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग पंधरावीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, मग इंजिन सुरू करून, अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, तसंच करा. टोकाला नेऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका, तेल तापतं. बुडबुडे दिसले तर तासभर थांबून पुन्हा तसंच फिरवा.

आणि हो, मुळात तेल भरायची वेळ का आली? ही बंद यंत्रणा आहे, तेल आपोआप संपत नाही. रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट, म्हणजे घडीदार आवरणं, हाताने दाबून पाहा. आत ओलसर, पचपचीत लागलं, तर रॅकचे सील आधीच गळत होते.