सड्याचे विश्वस्त

(दृश्य : मसाई पठार, भाद्रपद. कातळावरील डबक्याकाठी गेंद आणि सीतेची आसवे.)

पन्हाळ्याच्या पश्चिमेस पसरलेल्या मसाई पठारावर अनेक ठिकाणी माती जेमतेम बोटभर जाडीची आहे आणि तिच्याखाली थेट जांभा खडक लागतो. उन्हाळ्यात हा सडा, म्हणजे उघड्या कातळाचे पठार, काळवंडलेला, ओसाड दिसतो. पावसाळा सरता सरता मात्र त्याच कातळावर गेंदाची पांढरी बोंडे, सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुले आणि किडे पकडून जगणाऱ्या ‘दवबिंदू’ नावाच्या वनस्पती उमलतात. सातबाऱ्यावर अशा जमिनीपुढे बहुधा ‘पोटखराब’ असा शेरा असतो आणि जिच्यात पीक येत नाही, त्या जमिनीच्या बाजूने बोलायला माणूस सहजासहजी मिळत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात सडे, देवराया आणि गवताळ माळ राखणाऱ्या स्वयंसेवी संस्थांच्या विश्वस्त मंडळांवर बसणारी माणसे हे काम पत्करतात. हे निवेदन त्यांच्याविषयी आहे.

(दृश्य : शहरातील एका वाचनालयाची खोली, संध्याकाळ. टेबलावर इतिवृत्ताची वही, गावनकाशा, सातबाऱ्याचे उतारे.)

अशा मंडळात निवृत्त प्राध्यापक असतात, शाळेतील शिक्षिका असतात, एखादा सनदी लेखापाल, एखादा वकील आणि पठाराच्या पायथ्याचा शेतकरीही असतो. कोणालाही मानधन नसते. दिवसाचे काम आटोपून ही मंडळी बैठकीला येतात आणि गणसंख्या पूर्ण झाली की मागील सभेचे इतिवृत्त वाचून कामकाजाला सुरुवात होते. बाहेरून पाहणाऱ्याला हे सारे रुक्ष वाटेल, परंतु जमिनीचे भवितव्य ठरते ते बहुतेक वेळा याच टेबलावर.

वृक्षारोपणाचेच पाहा. असा प्रस्ताव कधी ना कधी प्रत्येक मंडळापुढे येतो. एखादा देणगीदार हजारो रोपे, खड्ड्यांचा खर्च आणि वर काही वर्षांचा देखभाल निधी देऊ करतो; अट एवढीच, की लागवड सड्यावर व्हावी, कारण ती जागा ‘मोकळी’ आहे. प्रस्ताव आणणाऱ्याच्या हेतूत खोट नसते. मात्र तेथे खड्डा घ्यायचा म्हणजे जांभा फोडायचा, बाहेरून माती आणून भरायची आणि त्या मातीबरोबर परक्या तणांचे बी पठारावर सोडायचे. पुढे गिरिपुष्प किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ वाढली, की तिच्या सावलीत आणि पाचोळ्यात उघड्या उन्हावर जगणाऱ्या या इवल्या वनस्पती टिकत नाहीत. मंडळातील वनस्पतींचा जाणकार हे समजावून सांगतो, शेतकरी सदस्य सांगतो की त्याच सड्याच्या कडेला गावाची गुरे चरतात, लेखापाल संस्थेच्या खात्यातील शिल्लक वाचून दाखवतो, आणि ती शिल्लक बहुधा तुटपुंजीच असते. अशा स्थितीत चालून आलेला निधी नाकारण्याचा ठराव करून त्याखाली सही करणे, हे मला विश्वस्ताच्या कामातील सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचे कृत्य वाटते. त्याचा फोटो निघत नाही आणि त्याची बातमीही होत नाही.

(दृश्य : वकील सदस्या नोंदणीची फाईल उघडतात.)

सहीमागे कायदेशीर जबाबदारी उभी असते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये संस्थेची नोंदणी धर्मादाय कार्यालयात होते, दरवर्षी हिशेबांचे लेखापरीक्षण करून घ्यावे लागते आणि विश्वस्त बदलला, तर ९० दिवसांच्या आत बदल अहवाल दाखल करावा लागतो. याच अधिनियमाच्या कलम ३६ नुसार संस्थेची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून विकता, बदलून देता किंवा बक्षीस देता येत नाही. शेतजमीन १० वर्षांहून अधिक काळ भाड्याने देण्यासही ही मंजुरी लागते. आज बसलेल्या मंडळाने राखलेली जमीन उद्याच्या मंडळाने मोहाला बळी पडून घालवू नये, अशी ही तजवीज आहे.

तथापि जमीन संस्थेच्या नावावर येणे हेच मुळात कठीण आहे. अमेरिकेत अशी संस्था जमीन विकत घेऊ शकते, किंवा मालकाने बांधकामाचा हक्क कायमचा सोडल्याचा करार करून ती राखू शकते. मॅसॅच्युसेट्स राज्यात १८९१ पासून ही परंपरा चालत आली आहे आणि तेथील मंडळांवरही स्थानिक स्वयंसेवकच बसतात. आपल्याकडे कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्यास परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही, आणि संस्था काही शेतकरी नसते. म्हणून येथील विश्वस्ताला गावाच्या संमतीनेच चालावे लागते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या कलम ३६-सी अन्वये खासगी किंवा सामुदायिक जमीन मालकांच्या इच्छेने सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून घोषित होऊ शकते आणि त्यानंतर व्यवस्थापन समितीचा ठराव व राज्य शासनाची मान्यता यांखेरीज तिचा वापर बदलता येत नाही. शिवाय २००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती अपेक्षिली आहे. संस्थेचे सदस्य या समित्यांसोबत बसून लोकजैवविविधता नोंदवही तयार करण्यास हातभार लावतात, तेव्हा कोणत्या झऱ्याला मे महिन्यातही पाणी असते आणि कोणती रानभाजी दिसेनाशी झाली, हे पहिल्यांदाच कागदावर येते.

(दृश्य : देवराईच्या कडेला गावकऱ्यांची बैठक.)

देवरायांचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. एखादी राई देवस्थानाच्या नावावर असते, एखादी वनखात्याकडे, एखादी गायरानात, तर एखादी भाऊबंदकीच्या सामायिक गटात. सातबाऱ्यातील ‘इतर हक्क’ आणि जुने फेरफार लावून पाहिल्याशिवाय कोणाशी बोलायचे हेही कळत नाही. हे वाचन आजऱ्याचा किंवा शाहूवाडीचा माणूस जेवढ्या सहजतेने करतो, तेवढे बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला जमत नाही. कारण कागदावरच्या नावामागचे घर त्याला ठाऊक असते आणि त्या घरात शब्द कोणाचा चालतो हेही. मंडळावर स्थानिक माणसे का हवीत, या प्रश्नाचे मला पटलेले उत्तर एवढेच आहे.

या जिल्ह्याला संरक्षणाची परंपरा नवी नाही. दाजीपूरचे गव्यांचे अभयारण्य १९५८ चे आहे. पुढे ते राधानगरी अभयारण्य म्हणून सुमारे ३५१ चौरस किलोमीटरपर्यंत विस्तारले आणि २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात समाविष्ट झालेल्या पश्चिम घाटातील स्थळांपैकी ते एक ठरले. परंतु अभयारण्याच्या हद्दीबाहेर कितीतरी सडे आणि राया आहेत. काही सड्यांखाली बॉक्साइट आहे आणि राधानगरी व शाहूवाडी परिसराने त्याचे खाणकाम पाहिलेले आहे. जांभ्याचा वरचा थर एकदा उचलला, की त्यावरची पाणी धरणारी डबकी आणि त्यांतील जीवसृष्टी पुन्हा घडवता येत नाही.

(दृश्य : डोंगरउतारावर जाळरेषेचे काम.)

उन्हाळ्यापूर्वी, गवत वाळले की, वनकर्मचारी व गावकऱ्यांसोबत काही विश्वस्तही जाळरेषेच्या कामाला येतात. ठरलेल्या रुंदीचा पट्टा कापून, वाळके गवत बाजूला ओढून, वारा पडलेला असताना ते जपून जाळायचे, म्हणजे वणवा आला तरी तो या मोकळ्या पट्ट्यावर अडतो. जुने गवत जाळले की पावसात नवे जोमाने फुटते, अशी अनेकांची समजूत आहे आणि वणवे त्यातूनही लागतात; पण वैरणीची चिंता खरी असल्यामुळे त्या समजुतीची हेटाळणी करून भागत नाही. ज्या मंडळांनी गावाशी बसून गवतकापणीचे दिवस आणि वाटे ठरवले, त्यांचे म्हणणे गावाने अधिक आपुलकीने ऐकले.

या मंडळांना आज खरी उणीव भासते ती तिशी-चाळिशीतील सदस्यांची. संस्थापक थकत चालले आहेत, कागदपत्रे एकाच कपाटात आहेत आणि कोणत्या गटाच्या हद्दीचा दगड कोठे आहे हे एक-दोघांनाच ठाऊक आहे. म्हणून नव्या विश्वस्ताने पहिल्या वर्षी भाषणे करण्याच्या भरीस पडू नये. जुन्या सदस्याबरोबर प्रत्येक हद्द पायी फिरावी, गावांच्या ग्रामसभांना मागे बसून ऐकावे, एक लेखापरीक्षण आरंभापासून अखेरपर्यंत पाहावे आणि मागील सर्व वर्षांची इतिवृत्ते वाचून काढावीत. मंडळाने कशाला, कोणत्या कारणाने नकार दिला होता, हे त्यांतच लिहिलेले असते.