कॅपिटलची कात्री

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, बीटल्स या ब्रिटिश बँडचा 'रिव्हॉल्व्हर' हा अल्बम ऑगस्ट 1966 मध्ये अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर तीन दिवसांच्या अंतराने आला. नाव तेच, कव्हरही तेच. पण लंडनच्या दुकानातल्या तबकडीवर 14 गाणी होती आणि न्यूयॉर्कच्या तबकडीवर 11. जी तीन गाळली, ती तिन्ही चौघांपैकी जॉन लेननने गायलेली: 'आय'म ओन्ली स्लीपिंग', 'अँड युअर बर्ड कॅन सिंग' आणि 'डॉक्टर रॉबर्ट'. आज मला बोलायचंय ते याबद्दल. अल्बममधल्या गाण्यांचा क्रम हासुद्धा रचनेचाच भाग असतो. त्यावर कुणीतरी तिऱ्हाइताने कात्री चालवली, की हातात येते ती वेगळीच कृती.

आधी हे घडलं कसं ते पाहू. अमेरिकेतली कॅपिटल रेकॉर्ड्स ही कंपनी 1955 पासून ब्रिटनच्या ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या मालकीची. तरी 1963 चं जवळजवळ सगळं वर्ष तिने बीटल्सना दारात उभं केलं नाही. व्ही-जे आणि स्वान या छोट्या कंपन्यांनी त्यांची गाणी अमेरिकेत काढली. मग वारं फिरलं आणि जानेवारी 1964 मध्ये कॅपिटलने 'मीट द बीटल्स!' आणला. तेव्हापासून कात्री सुरू झाली.

यात व्यवहार होता. अमेरिकेत गीत-संगीताच्या हक्कांचे पैसे गाण्यागणिक द्यावे लागत, दर गाण्याला 2 सेंट. ब्रिटनमध्ये रेकॉर्डच्या किमतीवर टक्केवारी ठरलेली, मग तिच्यावर गाणी 12 असोत की 14. म्हणजे अमेरिकेत प्रत्येक गाळलेल्या गाण्यामागे पैसे वाचत होते, आणि गाळलेली गाणी साठवून आणखी एक रेकॉर्ड बाजारात आणता येत होती. त्यात रिवाजाचाही फरक होता. ब्रिटनमध्ये सिंगल, म्हणजे एकेका गाण्याची छोटी तबकडी, म्हणून निघालेलं गाणं शक्यतो एलपीवर, म्हणजे अल्बमच्या मोठ्या तबकडीवर, पुन्हा घेत नसत, गिऱ्हाइकाने एकाच गाण्याचे पैसे दोनदा का द्यावेत म्हणून. अमेरिकेत गाजलेलं सिंगल नसलेली एलपी विकायची कशी, हीच चिंता. 'रिव्हॉल्व्हर'पर्यंत ब्रिटनमध्ये बीटल्सच्या सात एलपी झाल्या होत्या. अमेरिकेत तेवढ्याच काळात कॅपिटलनेच गाण्यांच्या दहा काढल्या, बीटल्सच्या चित्रपटातल्या गाण्यांची, युनायटेड आर्टिस्ट्स या कंपनीने काढलेली, आणखी निराळी.

या गाळलेल्या मालाची सगळ्यात मोठी वखार म्हणजे 20 जून 1966 चा 'यस्टरडे अँड टुडे'. त्यात 11 गाणी: दोन 'हेल्प!' या अल्बमच्या ब्रिटिश आवृत्तीतली, चार 'रबर सोल' या अल्बममधली, दोन सिंगलची, आणि तीन अजून न आलेल्या 'रिव्हॉल्व्हर'मधली. लक्षात घ्या, 'रिव्हॉल्व्हर'चं काम तेव्हा संपलंही नव्हतं. 'शी सेड शी सेड' हे गाणं स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालं ते 21 जूनला. कलावंत अजून घडवतोय आणि त्याच्या कामाचे तुकडे दुकानात मांडलेले आहेत, असा हा प्रकार. मला तो आजही संतापजनक वाटतो.

याच रेकॉर्डचं ते कुप्रसिद्ध कव्हर. छायाचित्रकार रॉबर्ट व्हिटेकर यांनी चौघा बीटल्सना खाटकाचे पांढरे डगले घालून, मांसाचे तुकडे आणि मोडक्या बाहुल्या अंगावर घेऊन बसवलं होतं. ओरड झाली, कॅपिटलने रेकॉर्डी परत मागवल्या आणि कित्येक कव्हरांवर नवा, सोज्वळ फोटो चिकटवला. संग्राहक आजही तो वरचा कागद जपून सोडवतात. 'आमच्या अल्बमांची खाटिकखान्यात चालते तशी कापाकापी होते' हा निषेध म्हणून बीटल्सनी तो फोटो दिला, असं हौसेने सांगितलं जातं. ते खरं धरू नका. फोटोमागची कल्पना व्हिटेकर यांची स्वतःची होती आणि तिचा कॅपिटलशी काही संबंध नव्हता.

आता नुकसान नेमकं कुठे झालं ते ऐका. ब्रिटिश 'रिव्हॉल्व्हर'ची दुसरी बाजू लावा. 'गुड डे सनशाइन' संपतं, लगेच 'अँड युअर बर्ड कॅन सिंग'ची दोन गिटारं जोडीने धावत येतात, आणि त्या झळाळीनंतर बँडमधल्याच पॉल मॅकार्टनीचं 'फॉर नो वन' येतं: अ‍ॅलन सिव्हिल यांचा फ्रेंच हॉर्न आणि विझलेल्या प्रेमाची शांत कहाणी. त्या गिटारांमुळेच ही शांतता इतकी खोल जाते. अमेरिकन तबकडीवर मधलं गाणं नाही, मॅकार्टनीमागून मॅकार्टनी. लेननचा मुख्य आवाज या बाजूवर थेट शेवटच्या 'टुमॉरो नेव्हर नोज'मध्ये येतो. मूळ अल्बममध्ये लेनन आणि मॅकार्टनी यांची मुख्य आवाजातली गाणी प्रत्येकी पाच. अमेरिकेत मॅकार्टनी पाच, बँडमधलाच जॉर्ज हॅरिसन तीन, लेनन दोन. एका पिढीने लेननला या अल्बमचा पाहुणा कलाकार समजून ऐकलं. मैफलीत कुणी ठुमरी गाळून बडा ख्याल आणि भजन एकमेकांना जोडावं, तसं हे.

पण 'रबर सोल'च्या बाबतीत मला वेगळं म्हणायचंय, आणि इथे बऱ्याच जाणकारांशी माझं पटत नाही. डिसेंबर 1965 च्या अमेरिकन आवृत्तीतून 'ड्राइव्ह माय कार', 'नोव्हेअर मॅन', 'व्हॉट गोज ऑन' आणि 'इफ आय नीडेड समवन' काढली आणि ब्रिटिश 'हेल्प!'मधली दोन घातली. पहिलंच गाणं ठसकेबाज 'ड्राइव्ह माय कार'ऐवजी 'आय'व्ह जस्ट सीन अ फेस' झालं, लाकडी गिटारींचं, धावतं. पाठोपाठ 'नॉर्वेजियन वूड' आणि हॅरिसनची सतार. सगळा अल्बम एकाच लोकगीती रंगात भिजला. हेतू निव्वळ धंद्याचा होता, तरी जे हाती आलं त्याला स्वतःचा सूर होता. बीच बॉइज या अमेरिकन बँडच्या ब्रायन विल्सन यांनी ऐकला तो हाच अल्बम. एकही भरतीचं गाणं नाही, सगळं एका अंगाचं, हे ऐकून ते झपाटले आणि मे 1966 मध्ये बीच बॉइजचा 'पेट साउंड्स' हा अल्बम आला. मॅकार्टनी यांनी बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'मागची प्रेरणा म्हणून त्याचंच नाव वारंवार घेतलं आहे. आणि 1967 चा 'सार्जंट पेपर' हाच पहिला अल्बम, ज्याची गाणी आणि क्रम कॅपिटलने जसेच्या तसे ठेवले. त्या वर्षाच्या सुरुवातीच्या नव्या करारानंतर ही कापाकापी थांबली.

1987 मध्ये सीडी निघाल्या तेव्हा ब्रिटिश आवृत्त्याच प्रमाण ठरल्या. अपवाद एकच, 'मॅजिकल मिस्टरी टूर'. ब्रिटनमध्ये ती सहा गाण्यांची दुहेरी ईपी, म्हणजे दोन छोट्या तबकड्यांचा संच, होती. कॅपिटलने दुसऱ्या बाजूला त्या वर्षीची सिंगल्स जोडून एलपी केली आणि तीच अधिकृत यादीत गेली. 2004 मध्ये कॅपिटलच्या 1964 मधल्या चार अल्बमांचा सीडी संच निघाला, तो मुख्यतः त्या तबकड्यांवर वाढलेल्या अमेरिकन श्रोत्यांसाठी.

मध्यंतरानंतर आपण दोन्ही 'रबर सोल'ची पहिली बाजू लागोपाठ ऐकणार आहोत. आधी अमेरिकन लावू.